तारेची घासणी

आमियाँ, फ्रान्स,
रविवार रात्र

प्रिय मंद्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर "अजून गंजकी घमेली गोळा करतोस का रे?" म्हणून माझ्या जुन्या लष्करी हेल्मेटांना हसलास, वर वहिनींनाही हसवलंस. तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

इथे वर्षातून दोनदा 'रेदरी' भरते, म्हणजे शहरभर जुना बाजार. लोक उजाडायच्या आत कपाळाला बॅटरी बांधून खोक्यांत डोकावत असतात. सॉमची रणभूमी इथून जवळच, त्यामुळे पहिल्या महायुद्धातलं सामान अजून कुणाकुणाच्या माळ्यावरून खाली येतं.

मी जमवतो ती आद्रियाँ हेल्मेटं. 1914 मध्ये फ्रेंच शिपाई लाल पाटलोण आणि कापडी केपी घालून लढायला गेले, कल्पना कर! तोफगोळ्यांच्या ठिकऱ्यांनी डोकी फुटायला लागली तेव्हा आधी टोपीखाली घालायला एक लोखंडी वाटी दिली. मग 1915 मध्ये ऑग्युस्त-लुई आद्रियाँ या अधिकाऱ्याने हे हेल्मेट काढलं. पत्रा जेमतेम 0.7 मिलिमीटर, वजन पाऊण किलोच्या आसपास. बंदुकीची गोळी त्याला अडत नसे, ठिकरी अडे. डोक्यावर बंबवाल्यांच्या टोपीसारखा तुरा, समोर बिल्ला. पायदळाला पेटता बाँब, तोफखान्याला दोन तोफांची फुली, वसाहतीतल्या पलटणींना नांगर.

पहिल्याच खरेदीत एकाने मला 1926 चं हेल्मेट व्हर्दंच्या, म्हणजे 1916 च्या लढाईतलं म्हणून विकलं. 1926 चं एकाच पत्र्यातून ठोकलेलं असतं. 1915 च्याला पुढची आणि मागची कड वेगळी जोडलेली. बाजूचा सांधा बोटाला लागतो. 60 युरोंत एवढं शिकलो, महाग नाही.

दुसऱ्या वेळचं मात्र अस्सल होतं. फिकट निळा रंग, वर चिखलाचा थर. आत कातड्याच्या जिभा, मधे नाडी ओवलेली, अगदी आजीच्या बटव्यासारखी. आणि मी काय केलं? आई समईला चिंच लावायची तसा उत्साह संचारला. बादलीत व्हिनेगर, हातात तारेची घासणी, अस्तरासकट बुडवलं. तासाभराने पाण्यात एक जांभळी रेघ पसरायला लागली.

आठवते का शाळेतल्या हेडक्लार्ककडची ती जांभळी पेन्सिल, थुंकी लावली की शाईसारखी उमटायची? तीच. कुणीतरी कातड्यावर आपलं नाव लिहिलं होतं. धावत जाऊन हेल्मेट बाहेर काढलं, फुंकर मारली, टिपकागद दाबला. नावातला एक 'आर' तेवढा उरला. तो खंदकातून जगून आलेला माणूस, नाहीतर न आलेला, मी बादलीत विरघळवला. लोखंड मात्र ताटासारखं लखलखत होतं.

ते हेल्मेट बिनकिमतीचं झालंय, पण विकणार नाही. आता रंगाच्या कोरड्या ब्रशशिवाय कशालाही हात लावत नाही, आणि आधी अस्तर उलटून बघतो.

दिवाळीत येतोय. तुझ्या आजोबांची लष्करातली ट्रंक तुम्ही साफसफाईत काढणार आहात म्हणे. मी येईपर्यंत तिला ओला फडका लावू देऊ नकोस, वहिनींनासुद्धा.

काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या