सुश्रुत झाला, श्वासाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नाकाच्या शस्त्रक्रियेवरचा लेख काल दोनदा वाचला. अर्धा रकाना सुश्रुताला. उरलेल्यातला बराचसा पुण्याच्या त्या कुंभाराला, ज्याने कपाळाची कातडी वळवून गाडीवानाला नाक बसवले आणि ते १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आले. छाती फुगली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, सिगारेट सोडा, हेही लिहिलेत, बरे केलेत. पण नाकाने श्वासही घेतात, एवढे एक वाक्य सापडले नाही.

माझ्या भाचीने लग्न ठरण्याआधी नाकावरचा उंचवटा काढून घेतला. फोटोत नाक सुरेख! पण जोरात श्वास घेतला की उजवी बाजू आत बसायची. रात्री तोंड उघडे ठेवून झोपायची पोर. त्याच डॉक्टरांकडे पाच खेपा घातल्या, पाचही वेळा एकच उत्तर : "सूज आहे, उतरेल." शेंड्याची सूज जायला वर्षही लागते, हे खरेच. त्या खरेपणाच्याच आड ते लपले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी तिचा गाल बोटाने जरा बाजूला ओढला आणि म्हणाले, घे श्वास. मोकळा आला! उंचवट्याबरोबर आतल्या कूर्चेचा, म्हणजे मऊ लवचिक हाडाचा, आधारही गेला होता. आता वर्ष उलटेपर्यंत थांबायचे, मग कानाची नाहीतर बरगडीची कूर्चा काढून आत टेकू लावायचा. पहिल्या खेपेला फोटो सगळ्या बाजूंनी काढले होते. श्वास कुणी तपासला नव्हता.

आणि ते संमतीपत्र! आठ पाने, कानडी नि इंग्रजी. ताईने मराठीत आहे का विचारले, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "सही इथं करा हो मावशी." धोके त्यात लिहिले होते म्हणे. असतील. पैसे मात्र स्वच्छ मराठीत मागितले. मराठी पाट्यांवरून तुम्ही अग्रलेख लिहिता, या आठ पानांवरही कधी लिहा.

लेखाच्या खालीच 'तासाभरात मनाजोगे नाक' ही जाहिरात होती. जागा तुमची, पैसे तुमचे, आम्ही काय बोलणार?

ता. क. : शहापुरात अंक हल्ली आठनंतर येतो. वितरणवाल्यांना दोनदा सांगून झाले. चहा गार होतो.

— एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव