साइटोकाइनना सरसकट शत्रू ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला दाहावरचा, म्हणजे शरीरातल्या सुजेवरचा लेख वाचला आणि फार राग आला. साइटोकाइन, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं, हीच सगळ्या आजारांचं मूळ, हळद घ्या, उपवास करा आणि ती बंद पाडा, असं लेखिका सांगतात. त्यांचं लिहून झालं, भोगलं ते आमच्या घराने.

पिंपळगाव बसवंतला राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंना रुमॅटॉइड संधिवात आहे. गेल्या वर्षी असाच एक लेख वाचून त्यांनी आठवड्याची मेथोट्रेक्झेट ही संधिवाताची गोळी परस्पर थांबवली आणि हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्या. तीन महिन्यांत हात सुजले. सकाळी दोन-दोन तास मूठ वळेना. द्राक्षांच्या विरळणीत ज्यांची कात्री सगळ्यांच्या पुढे चालायची, त्या चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरायच्या. उजव्या हाताची अनामिका वाकली, ती आजही वाकडीच आहे.

पुढे नाशिकच्या डॉक्टरांनी टीएनएफ हे साइटोकाइन अडवणारं इंजेक्शन सुचवलं, पण त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करायला लावली. टीबी दबून बसलेला निघाला. मग महिनाभर आधी टीबीच्या गोळ्या, नंतर इंजेक्शन. सांधे दुखतात तर टीबी कशाला बघायचा, असं मीच विचारलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की सांधे खाणारा हा टीएनएफच टीबीच्या जंतूंभोवती पेशींचं कडं धरून ठेवतो. त्याला अडवलं की कडं ढासळतं आणि झोपलेला टीबी उठतो.

लेखात हे यायला हवं होतं. जखमेकडे पांढऱ्या पेशी बोलावून घेतात ती साइटोकाइनच. काम संपल्यावरही ती थांबत नाहीत, तेव्हा दुखणं जडतं. पोटाच्या चरबीतूनही टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ ही साइटोकाइन येतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, म्हणून वजन उतरवण्याचा लेखिकेचा सल्ला मला मान्य आहे. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या चाचणीचाही उल्लेख हवा होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १० हजारांवर रुग्णांवर ती झाली. इंटरल्युकिन-१ बीटा हे साइटोकाइन या औषधाने अडवल्यावर पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण कमी झालं, पण जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले. हळद भाजीत आम्हीही घालतोच, ती चालू औषधाची जागा घेत नाही.

आणखी एक. लेखाला अगदी चिकटून दाह घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात आहे. जाऊबाईंना कॅप्सूलवाल्याचा फोन नंबर अशाच जाहिरातीतून मिळाला होता. निदान आरोग्याच्या पानावर तरी या जाहिराती घेऊ नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी बंद करू नका, एवढं एक वाक्य पुढच्या रविवारी त्याच पानावर, लेखाच्या मथळ्याएवढ्या टाइपात छापा.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक