फुले गळून गेलेल्या ऑर्किडविषयी

बेंगळुरू, ३ जुलै

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, की ऑर्किडचे शेवटचे फूलही गळाले आणि आता बाबा ते रोप लाल मातीच्या कुंडीत हलवणार आहेत. बाबा, कृपा करून तसे करू नका. रोप मेलेले नाही. तीन महिने फुलून ते दमले आहे, एवढेच. हे फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड मुळात झाडांच्या सालीवर वाढणारे, त्यामुळे मातीत त्याच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. आई, तुझ्या माहेरी फणसाच्या फांदीवर पावसाच्या तोंडाशी सीतेची वेणी लोंबायची, ती आठव; तेही ऑर्किडच. लोक तिला बांडगूळ समजत, पण ती फणसाचा रस शोषत नव्हती, केवळ आधार घेत होती, आणि मूठभर मातीही तिने कधी मागितली नाही.

फुलांचा दांडा हिरवा असेल, तर बुडाकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या किंचित वर कापल्यास बाजूने नवा फाटा फुटून पुन्हा फुले येऊ शकतात. तरीही, आपल्या रोपाला जेमतेम तीन पाने आहेत आणि तीही मलूल दिसतात, म्हणून मी तो मोह टाळून दांडा अगदी बुडाशी कापण्याचा सल्ला देईन, म्हणजे सारी शक्ती पाने आणि मुळे वाढवण्याकडे जाईल. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून गार होऊ द्या.

पाण्याचे मात्र आईला सांगायला हवे, कारण तुळशीला पाणी घालताना तिचा हात आपोआप शेजारच्या कुंडीकडेही वळतो. कुंडी पारदर्शक आहे. आतली मुळे रुपेरी दिसली तरच पाणी घालावे, हिरवी असतील तर मुळीच घालू नये. बशीत पाणी साचू देऊ नका आणि पानांच्या मधल्या बेचक्यात ते राहिलेच, तर कापसाने टिपून घ्या, नाहीतर कोंब सडतो.

कुंडीत मातीऐवजी भरलेली जुनी साल भुगा झालेली असणार, म्हणून सालीचे नवे तुकडे मी कुरियरने पाठवते आहे. कुंडी बदलताना टणक मुळांना हात लावू नका. तपकिरी, दाबल्यावर पिचणारी तेवढी छाटा. पूर्वेच्या खिडकीतील कोवळे ऊन त्याला पुरेल, दुपारचे नको. पुण्यात नोव्हेंबरमध्ये रात्री १८ अंशांच्या खाली उतरू लागल्या, की काही आठवडे रोप खिडकीपाशीच असू द्या, कारण त्या गारव्यानेच नवा दांडा निघतो; पण कडाक्याच्या थंडीत ते आत घ्या.

तोपर्यंत बाबांनी कुंडीच्या बाजूने मुळांचा एक स्पष्ट फोटो पाठवावा, म्हणजे किती छाटायचे ते मी पाहून सांगेन.

तुमची लेक