मनूस पत्र: कोरियाला जायचंच तर निवांत जाऊ

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कोरियाच्या ट्रिपची एक्सेल शीट मी आणि बाबांनी दोघांनी नीट वाचली, मेहनत खूप घेतलीयस गं, पण मला मनापासून वाटतं की यातली निम्मी नावं काढून टाकावीत. रोज सकाळी बॅगा भरायच्या, ट्रेन पकडायची, संध्याकाळी फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, असं केलं तर कोरिया बघितला असं म्हणता येईल पण तिथली माणसं काय खातात कशी राहतात हे काहीच कळणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं की आपण तिघांनी आपापली एकेक गोष्ट निवडायची आणि तिला भरपूर वेळ द्यायचा, बाकी रस्त्यात जे लागेल ते.

बाबांची गोष्ट मी ठरवलीय. अख्खं आयुष्य माणसाने छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलं, त्यांना चोंगजूला न्यायलाच हवं. तिथे १३७७ साली हंगदोकसा नावाच्या देवळात धातूच्या सुट्ट्या खिळ्यांनी 'जिकजी' हे बौद्ध पुस्तक छापलं, युरोपात गुटेनबर्गने छापलेल्या बायबलच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी, आणि अशा पद्धतीने छापलेलं जगातलं सगळ्यात जुनं शिल्लक असलेलं पुस्तक हेच. मूळ प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, पण त्या देवळाच्या जागेवर छपाईचं म्युझियम आहे आणि मेणाचं अक्षर करून त्यावरून धातूचा खिळा कसा ओतायचे ते तिथे मांडून दाखवलंय. तुझ्या शीटमध्ये चोंगजूचं नावच नाही, सोलपासून लांब नाहीये ते, घाल.

आणि तिथून पुढे हेइन्सा. दक्षिणेला गायासान डोंगरातलं देऊळ आहे, देगूहून बस जाते. तेराव्या शतकात मंगोल स्वाऱ्या चालू असताना या लोकांनी सगळं बौद्ध वाङ्मय लाकडी ठशांवर उलटं कोरून काढलं, ८० हजारांहून जास्त ठसे, आणि ते अजून तिथेच आहेत. मला जास्त नवल वाटतं ते ज्या इमारतीत ठेवलेत तिचं, पंधराव्या शतकातली लाकडी इमारत, एसी नाही काही नाही, फक्त खिडक्यांची करामत. एका भिंतीला वरच्या खिडक्या लहान खालच्या मोठ्या, समोरच्या भिंतीला बरोबर उलट, म्हणजे हवा आत येऊन सगळीकडे फिरून बाहेर जाते, आणि जमिनीत कोळसा, चुना, मीठ घातलंय दमटपणासाठी. इतकी शतकं ठसे टिकलेत ते याच्यामुळे. बाहेरून जाळीतून दिसतात म्हणे, बाबा तिथून लवकर हलणार नाहीत हे धरूनच वेळ ठेव.

हेइन्सात टेम्पलस्टे, म्हणजे देवळातच मुक्काम, मिळतो, तिथे एक रात्र राहायचंच, हे माझ्यासाठी. मी शाकाहारी, तुला काळजी वाटतेय की आई काय खाणार, तर देवळातलं जेवण हेच उत्तर आहे. मांस मासे नाहीतच, शिवाय कांदा लसूणही वर्ज्य, आपल्या चातुर्मासासारखं. काही देवळांत चार वाडग्यांत जेवायची जुनी पद्धत शिकवतात, हवं तेवढंच वाढून घ्यायचं, आणि शेवटी थोडं पाणी घालून मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगी पुसून ते पाणी पिऊन टाकायचं, एक शीतसुद्धा टाकायचं नाही. आजी असती तर तिला फार आवडलं असतं. पहाटे फार लवकर उठवतात, मोठा नगारा, लाकडी मासा, ढगाच्या आकाराची धातूची थाळी आणि घंटा वाजवून दिवस सुरू होतो. फक्त बुकिंग करताना विचार की जमिनीवर बसायला जमत नसेल तर खुर्ची देतात का, बाबांच्या गुडघ्याचं तुला माहितीये.

बाहेर खाताना मात्र सांभाळायला लागेल. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात, बहुतेक वेळा कोळंबीचं किंवा माशाचं खारवण असतं, द्वेनजांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सूपचं पाणी सुकट घालून उकळलेलं असतं, त्यामुळे नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून व्हेज समजू नकोस, प्रत्येक ठिकाणी विचारायचं. बिबिमबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, मांसाशिवाय करून देतात. सोलच्या ग्वांगजांग बाजारात भिजवलेले मूग जात्यावर दळून तव्यावर भरपूर तेलात बिंदेत्तोक करतात, बघताना अगदी आपलं मुगाचं धिरडंच, पण त्यात कधीकधी डुकराचं मांस घालतात, तेही विचार. तू आणि बाबा काय हवं ते खा, माझ्यासाठी अडून राहू नका.

खाण्यातलं मला खरं बघायचंय ते बरणीतलं. सोयाबीन शिजवून कुटून त्याच्या विटा करतात, त्या वाळवून आंबवतात, मग मिठाच्या पाण्यात घालून मातीच्या मोठ्या बरण्यांत अंगणात उन्हात ठेवतात, त्यातलं पाणी म्हणजे सोय सॉस आणि गाळ म्हणजे द्वेनजांग. २०२४ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली. असं करणाऱ्या एखाद्या घरी किंवा वर्कशॉपला जाता आलं तर बघ, शॉपिंगचा एक दिवस खुशाल कमी कर.

तुझी गोष्ट जेजू बेट, ते मला मान्य आहे. तिथल्या हाल्लासान डोंगराच्या माथ्यापर्यंत तू एकटी चढ, १,९४७ मीटर आहे, वरच्या वाटेला आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. आम्ही दोघं ओल्ले वाटेचा एखादा सपाट तुकडा समुद्राच्या कडेने चालू, निळ्या आणि केशरी फिती बांधलेल्या असतात खुणेला, चुकायची भीती नाही. आणि हेनयो बघायच्यात मला. ऑक्सिजन न लावता समुद्राच्या तळाशी जाऊन शंख, अबलोनी नावाचे शिंपले काढणाऱ्या बायका, आता बहुतेक साठीच्या सत्तरीच्या पुढच्या, वर आल्यावर श्वास सोडतात तेव्हा शिट्टीसारखा आवाज येतो. मी व्हिडिओत ऐकलाय, मला तो तिथे किनाऱ्यावर उभं राहून ऐकायचाय. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या बायका आहेत त्या.

तारखांचं बघ. चुसोक टाळ, तो त्यांचा मोठा सण, आपल्या भाद्रपद नाहीतर आश्विन पौर्णिमेला येतो, सगळा देश गावी जातो, ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत आणि बरीच दुकानं बंद. त्यानंतर ऑक्टोबरच्या शेवटाला जाऊ. झाडांची पानं लाल व्हायला उत्तरेच्या डोंगरांतून सुरुवात होते आणि रंग हळूहळू दक्षिणेला सरकतो, आपणही सोलहून तसंच खाली जाणार, म्हणजे रंग आपल्यासोबत येईल. सोलचा राजवाडा मंगळवारी ठेवू नकोस, ग्योंगबोकगुंग त्या दिवशी बंद असतो. हानबोक, म्हणजे त्यांचा पारंपरिक पोशाख, घातला की तिथे तिकीट लागत नाही, तुला घालायचाच आहे तर त्याच दिवशी घाल.

फोनमध्ये नेव्हर (Naver) मॅप टाकून घे, तिथे चालण्याच्या रस्त्याला नुसत्या गुगल मॅपवर भरवसा ठेवू नकोस. आणि कोरियन अक्षरं शिकून ये, मी शिकतेय, बसच्या पाट्या वाचता येण्यापुरती पटकन जमतात.

व्हिसाला बँक स्टेटमेंट आणि बाबांच्या पेन्शनचे कागद लागतील, ते मी स्कॅन करून ठेवलेत, रविवारी पाठवते. तू तोवर रजेचा अर्ज टाक आणि हेइन्साला मेल कर, खुर्चीचं विचारायला विसरू नकोस.

तुझी,
आई