विषय: कर्णबधिर रुग्णाची तक्रार नोंदवण्यासाठी तिलाच फोनवर बोलायला सांगितल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, रुग्णसेवा विभाग

आज सकाळी तुमच्या हेल्पलाइनला चौथ्यांदा फोन केला. पाचव्यांदा करणार नाही, म्हणून हे पत्र.

माझी आई जन्मापासून कर्णबधिर आहे. वय ६४. अपॉइंटमेंट घेताना तुमच्या ॲपमध्ये 'विशेष गरज' असा रकाना येतो. त्यात मी 'ऐकू येत नाही, मराठीत लिहून दाखवावे' असं भरलं होतं. तुमच्या पुण्याच्या ओपीडीत ते कुणीही वाचलेलं नव्हतं. नावं तोंडाने पुकारत होते. टोकन नंबरसाठी लावलेल्या टीव्हीवर तुमच्याच हेल्थ चेकअप पॅकेजच्या जाहिराती चालू होत्या. आई दोन तास काउंटरवरच्या मुलीच्या ओठांकडे बघत बसली. तिचा नंबर केव्हाच येऊन गेला होता.

आत डॉक्टर मास्क लावूनच बोलले. मी नागपूरला असते. आईने मला व्हिडिओ कॉल लावायला फोन काढला, तर सिस्टरनी तो पर्समध्ये ठेवायला लावला. बीपीची जुनी गोळी बंद, नवी सुरू, एवढंच सांगायचं होतं. प्रिस्क्रिप्शनवर फक्त नवी गोळी, तीही इंग्रजीत. आईने दोन्ही घेतल्या आणि पाचव्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडली. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. माझी आई हातांनी बोलते.

आता आजचा फोन. सगळं ऐकून घेतल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "तक्रार नोंदवायला पेशंटशी बोलावं लागेल. त्यांना फोन द्या."
"त्यांना ऐकू येत नाही. तक्रारच ती आहे."
"हो मॅडम, दोनच मिनिटं लागतील."
"त्या बोलू शकत नाहीत."
"मग त्यांना बरं वाटलं की करा."

बरं वाटलं की! चौसष्ट वर्षांत तिला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी सुपरवायझर मागितले. अकरा मिनिटं होल्डवर ठेवून त्यांनी तेच सांगितलं: रेकॉर्डिंगमध्ये पेशंटचा आवाज लागतो. ईमेल करू का विचारलं, तर ईमेलवर तक्रार घेत नाही म्हणाले. म्हणजे ज्याला आवाज नाही त्याची तक्रार तुमच्याकडे नोंदवलीच जात नाही. हा नियम ज्यांनी केला, त्यांनी तो माझ्या आईसमोर बसून वाचून दाखवावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम २५ मध्ये खासगी रुग्णालयंही अडथळामुक्त असावीत असं म्हटलं आहे, आणि संवादातला अडथळा हाही त्या कायद्याने अडथळाच मानला आहे. रॅम्प तुम्ही बांधलात. तो माझ्या आईच्या उपयोगाचा नाही. सांकेतिक भाषेचे दुभाषे मिळत नाहीत असं सांगू नका. वांद्र्याच्या अलि यावर जंग संस्थेत त्यांचं प्रशिक्षण होतं, आणि दुभाषा व्हिडिओ कॉलवरही काम करू शकतो. तेही जमत नसेल तर कागद आणि पेन तरी ठेवा. आणि तो टीव्ही! त्यावर नंबर दाखवायला कसलंही प्रशिक्षण लागत नाही.

२०११ मध्ये बाबांची बायपास तुमच्याकडेच झाली. तेव्हा एक सिस्टर रोज आईसाठी वहीत मराठीत लिहून ठेवायच्या: आज काय दिलं, उद्या काय करणार. ती वही आईने जपून ठेवली आहे. त्या वहीच्या भरवशावर ती यावेळी एकटी आली होती.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे आणि ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. प्रिस्क्रिप्शन, एक्स-रे आणि ॲपवरच्या नोंदीचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर लेखी द्या, मराठीत, आईच्या नावाने. ती वाचते.

रुग्णाची मुलगी