31 तारखेच्या आत साईट्स हलवायच्यात, मदत हवीय

नमस्कार मंडळी,

घाईत टाईप करतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. टोल्किनच्या (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला लेखक) जगावरच्या जुन्या साईट्सच्या ज्या कॉप्या आपण मालकांना रीतसर विचारून जपल्यात, त्या ज्या सर्व्हरवर आहेत तो 31 तारखेला बंद होतोय. मेल परवा स्पॅममध्ये सापडला. नवीन जागा घ्यायची, सगळं हलवायचं, शिवाय दोन हार्ड डिस्कवर वेगळी कॉपी करायची, आणि खात्यात आहेत 2,140 रुपये.

पण दादरच्या काकांबद्दल लिहिल्याशिवाय मला पैसे मागताच येणार नाहीत. डायलअपच्या काळात काकांनी रात्र रात्र जागून एकेक पान सेव्ह केलं, एल्फांच्या भाषा, वंशावळी, हॉबिट लोकांच्या शायरचं कॅलेंडर, सगळं, आणि प्रत्येक सीडीवर मार्करने तारीख घातली. त्या तारखांची किंमत आता कळतेय. टोल्किन 1973 मध्ये गेला पण त्याचे भाषांवरचे कागद अजून थोडेथोडे छापून येतायत, नवा शब्द आला की जुना अंदाज चुकतो, साईटवाला पान बदलतो आणि आधी लोक काय समजत होते ते कुठेच उरत नाही. काकांच्या सीडीत ते आहे. काका गेल्यावर त्यांच्या मुलीने तो डबा टॅक्सीने माझ्या घरी आणून दिला. आणि नाशिकच्या डॉक्टरांनी पहिली तीन वर्षं डोमेनचे पैसे एकट्याने भरले, पावतीसुद्धा मागितली नाही.

डोंबिवलीच्या ताईंचा तक्ता आठवतोय ना? तेंग्वार म्हणजे टोल्किनने एल्फांसाठी बनवलेली लिपी, तिची अक्षरं त्याने उच्चाराच्या स्थानाप्रमाणे लावलीत, आपल्या त-वर्ग प-वर्गासारखी, आणि क्वेन्या या एल्फांच्या भाषेत स्वर मात्रेसारखे व्यंजनाच्या डोक्यावर बसतात, त्यावरून ताईंनी मराठी तेंग्वारमध्ये लिहायची पद्धत बसवली होती. फुकटच्या होस्टिंगवर होती, एक दिवस पानच उघडेना. आपल्यापैकी कुणीच कॉपी ठेवली नव्हती, मीही नाही. ताई काही बोलल्या नाहीत पण त्यानंतर त्यांनी नवीन काही लिहिलंही नाही.

काहीजण म्हणतात जुन्या वेबपानांच्या कॉप्या ठेवणारं इंटरनेट आर्काइव्ह आहे की. आहे, आणि त्यांचे उपकार आहेतच, 2009 मध्ये जिओसिटीज ही फुकट साईट बनवून देणारी सेवा बंद झाली तेव्हा त्यांनी आणि आर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने जमेल तेवढं वाचवलं. पण 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावरच सायबर हल्ला झाला आणि साईट कित्येक दिवस नीट चालत नव्हती. शिवाय पान मिळतं तर चित्रं नसतात, चित्रं असली तर फॉन्ट नसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या लिप्यांच्या ठरलेल्या यादीत, तेंग्वारला अजून जागा नाही, जुनी पानं डॅन स्मिथच्या फॉन्टवर चालायची, फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शिवाजी फॉन्टमधली जुनी फाईल उघडून बसलेल्यांना मी काय सांगतेय ते लगेच कळेल. म्हणून आपण पानासोबत फॉन्टही ठेवतो.

आणि या साईट्स म्हणजे कुठल्या मोठ्या संस्थेच्या नाहीत हो, नॉर्वेच्या हेल्गे फाउस्कांगेरचं टोल्किनच्या भाषांवरचं आर्दालाम्बियन काय किंवा मार्क फिशरचा आर्दाचा, म्हणजे टोल्किनच्या जगाचा, ज्ञानकोश काय, एकेका माणसाने वर्षानुवर्षं घरी बसून केलेलं काम आहे. तो माणूस थकला, डोमेनचे पैसे भरायचे राहिले की संपलं.

मागच्या वर्षी मेसेज टाकला तेव्हा 46 जणांनी हार्ट पाठवले आणि पैसे चौघांनी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. संमेलनाच्या जेवणाला 60 पानं उठतात.

तर: 18,500 हवेत, 500 पासून कितीही चालतील, 25 तारखेपर्यंत आले तर बरं, यूपीआय खजिनदार काकूंचा नेहमीचाच, नोटमध्ये "साईट" लिहा, देणगीवर करसवलत मिळणार नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांकडून आपल्याला कायद्याने पैसे घेता येत नाहीत पण त्यांनी फाईल्स तपासायला वेळ दिला तर खूप होईल, लिनक्स येणारी दोन माणसं शनिवार-रविवार हवीत, सीडी ड्राइव्ह चालू असलेला लॅपटॉपही हवाय, माझा बंद पडलाय.

आणि ताईंच्या तक्त्याचं प्रिंटआउट कुणाच्या वहीत, फाईलमध्ये, कपाटात असेल तर आजच बघा. फाटलेलं असलं तरी चालेल, चिकटपट्टी लावू नका, मी स्वतः येऊन स्कॅन करून घेते.

- सचिव