रिपोर्ट दुरुस्त झाला, पण रेसिडेंटला कोण सांगणार?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला रेडिओलॉजीच्या शिक्षणावरचा लेख वाचला आणि राहवलं नाही. नवी यंत्रं आली की प्रशिक्षणाचा दर्जा आपोआप वाढेल, असा लेखाचा सूर आहे. तीस वर्षं हेच काम करत आलोय. मला हे अजिबात पटलेलं नाही.

रेसिडेंट, म्हणजे रुग्णालयात काम करत शिकणारा डॉक्टर, म्हणून पहिल्या वर्षाला असताना रात्रपाळीत मी छातीचा एक एक्स-रे वाचला. उजवीकडे खाली न्यूमोनिया स्पष्ट होता. तो लिहिला आणि निर्धास्त झालो. सकाळी सरांनी फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली, न्यूमोनियाचा भाग तळहाताने झाकला आणि म्हणाले, "आता सांग." बऱ्याच वेळाने डाव्या कॉलरबोनच्या मागे वाटाण्याएवढी गाठ दिसली. एक दोष सापडला की नजर पुढचं शोधायचं सोडते, हे त्या सकाळी कळलं. आजही मी आधी कॉलरबोनमागे, हृदयामागे आणि छाती-पोटामधल्या पडद्याखाली बघतो.

आता काय चाललंय? गेल्या वर्षी एका रुग्णालयात एका रेसिडेंटने रात्री पोटाचा सीटी स्कॅन वाचला. अपेंडिक्सला सूज आहे, हे तिने बरोबर ओळखलं. पण पोटाच्या सीटीत वरच्या काही चित्रांत फुप्फुसाचा तळही येतो, आणि तिथल्या रक्तवाहिनीतली गुठळी तिच्याकडून सुटली. सकाळी वरिष्ठांनी ती पाहिली, वॉर्डला फोन केला, संगणकावर रिपोर्ट बदलून सही केली. रुग्ण वाचला. ती मात्र ड्यूटी संपवून झोपायला गेली होती. अकरा दिवसांनी दुसऱ्याच एका डॉक्टरांच्या बोलण्यातून तिला हे कळलं. "सर, मला कुणीच कसं सांगितलं नाही?" असं तिने मला विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या अकरा दिवसांत तिने आणखी किती पोटं वाचली असतील!

चूक कुणाचीही होते. 2013 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं होतं आणि गाठी शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना ते दिसलंच नाही. म्हणूनच चूक त्याच सकाळी, तेच चित्र समोर ठेवून दाखवली पाहिजे. रात्रीचा रेसिडेंट घरी जाण्याआधी वरिष्ठाने त्याच्याबरोबर अर्धा तास बसावं, मूळ आणि बदललेला रिपोर्ट शेजारी शेजारी वाचावा. त्याला नवं यंत्र लागत नाही. पण वरिष्ठाचं काम दिवसाकाठी किती रिपोर्ट निघाले यावर मोजतात आणि शिकवण्याचा वेळ कुठेच धरत नाहीत. मग तो बसणार कधी? सोनोग्राफीचं तर त्याहून अवघड. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं उपकरण, कसा वळवायचा, किती दाबायचा, हे रेसिडेंटच्या हातावर हात ठेवूनच शिकवावं लागतं. साठवलेल्या चित्रांतून ते येत नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचा छातीचा एक्स-रे तुम्ही उलटा छापला आहे. त्यावरचं 'आर' हे अक्षर आरशातल्यासारखं दिसतंय आणि हृदयाचं टोक भलत्याच बाजूला गेलंय. काही माणसांचं हृदय खरोखर उजवीकडे असतं, म्हणून ते अक्षर आधी बघायला आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट वाचक